पांढऱ्या गाडीवरचा चीक

नानांची गाडी दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे भुसावळला आली, तेव्हा तिच्या मागच्या उजव्या दारावर चार तपकिरी ओघळ होते. वर जाड, खाली येता येता बारीक झालेले आणि शेवटी मोहरीएवढ्या थेंबावर थांबलेले. आमच्या इमारतीचा वॉचमन बाहेरगावचा. त्याला वाटलं, चहा सांडला असेल. रावेरपासून चोपड्यापर्यंतच्या कुठल्याही माणसाला मात्र विचारावं लागलं नसतं. तो केळीचा चीक होता.

आमच्याकडे केळीच्या बागेत जायचे कपडे वेगळे असतात. घरातला जुना शर्ट, विटलेली पँट, फाटत आलेलं लुगडं असं सगळं शेवटी बागेत जातं. घड कापला, कमळ म्हणजे केळफूल मोडलं, पान तोडलं की चीक येतो तो अगदी पाण्यासारखा स्वच्छ. अंगावर पडला तर घामाचा थेंब वाटावा. तासाभरात तो तांबूस होतो, संध्याकाळपर्यंत तपकिरी आणि दुसऱ्या दिवशी काळपट. चिकात टॅनिनं असतात, ती हवेतल्या प्राणवायूशी भिडली की रंग धरतात. चिरलेलं वांगं पाण्यात टाकायला उशीर झाला की काळं पडतं, ते याच कारणानं. कापडावर पडलेला चीक धाग्याच्या आत शिरून तिथेच काळा होतो, म्हणून तो निघत नाही. आई म्हणते, चिकाचा डाग कापडासोबतच जातो.

नाना म्हणजे माझे मोठे काका. सावद्याजवळ आमचं गाव, तिथे त्यांची केळी. २०११ साली मृगबागेला, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला लावलेल्या केळीला, चांगला भाव मिळाला आणि त्या पैशांत त्यांनी ही पांढरी गाडी घेतली. घरातली पहिली चारचाकी. नाना गाडीला फार जपायचे. दसऱ्याला झेंडूची माळ, बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, पोळ्याला बैलांच्या आधी गाडीला आंघोळ. पण ती शेवटी शेतकऱ्याची गाडी. पाहुण्याला निरोप देताना एक फणी देऊन भागत नाही, अख्खा घड द्यावा लागतो. तो घड डिकीत ठेवण्याआधी क्षणभर दाराला टेकवला जातो. बागेतून येताना हातात मोडलेली कमळं असतात, त्यांच्या देठातून चीक टपकत असतो. त्या वेळी ते पाणी वाटतं. कुणी पुसत नाही.

पुढे नानांना काचबिंदू झाला. नजर कडेकडेनं मिटत आत सरकत गेली. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली, तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाले, "उन्हात ठेवू नको तिले."

मी ठेवली उन्हातच. भुसावळात सावली मिळणं सोपं नाही. आणि पहिल्याच महिन्यात त्याहून मोठी चूक केली. एका रविवारी ते चार ओघळ काढायचेच असं ठरवून भांडी घासायची हिरवी घासणी आणि पावडर घेतली आणि दार घासलं. डाग फिकट होताना दिसला, तसा आणखी जोर लावला. ओलं होतं तोवर सगळं छान चकचकीत दिसत होतं. पाणी वाळलं तेव्हा तळहाताएवढा पांढुरका, निस्तेज पट्टा वर आला, काचेवर श्वास सोडल्यावर दिसतो तसा. तो श्वासासारखा विरला मात्र नाही. आणि त्याच्या मधोमध चिकाचे ओघळ तसेच होते. नानांनी बारा-तेरा वर्षं जपलेल्या रंगावर मी पंधरा मिनिटांत ही खूण केली होती. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. पुढचे दोन रविवार गावाला जाताना मी बसने गेलो.

शेवटी गाडी एका डेंटिंग-पेंटिंगवाल्या चाचांकडे नेली. माझ्या शाळेतल्या मित्राच्या ओळखीचे, पासष्टीच्या पुढचे, हात कायम रबिंगच्या, म्हणजे रंग घासून उजळायच्या पेस्टच्या वासाचे. त्यांनी आधी काहीच केलं नाही. उकिडवे बसले, दाराला डोळा लावून तिरकस पाहिलं, मग अंगठ्याचं नख त्या पट्ट्यावरून अलगद ओढलं. "नख अडकत नाही," म्हणाले. "म्हणजे वरचं वर आहे. नख अडकलं असतं तर मी हात लावला नसता." मग एका चिंधीला थोडं रबिंग लावून त्यांनी दाराच्या खालच्या कोपऱ्यात चारदा फिरवलं आणि चिंधी मला दाखवली. त्यावर मळकट तपकिरी छटा होती, पांढरा रंग नव्हता. पांढरा रंग चिंधीला लागला असता तर वर लॅकरचा पारदर्शक थर नाही, आपण थेट रंगच घासतोय असं समजायचं. काही साध्या पांढऱ्या गाड्यांना लॅकर नसतं. या गाडीला होतं.

त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट कळलं की गाडीचा रंग म्हणजे एक थर नाही. पत्र्यावर आधी गंज अडवणारा थर, ज्यासाठी अख्खी बॉडी हौदात बुडवतात. त्यावर प्रायमर. त्यावर रंग. आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकर, ज्याला हल्ली सगळे क्लिअर कोट म्हणतात. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या सातव्या ते दहाव्या हिश्श्याएवढे. त्यातलं लॅकर जेमतेम ४०-५० मायक्रॉन. डोक्याचा एक केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. आपण गाडीची चकाकी म्हणून जे पाहतो ते केसापेक्षा पातळ आहे, आणि मी त्यावर भांड्याची घासणी चालवली होती.

चाचांनी २००० नंबरचा पॉलिश पेपर अर्धा तास पाण्यात भिजत ठेवला. मग पाण्याची धार सोडत, रबराच्या ठोकळ्यावर तो पेपर धरून, मधले ओघळ सोडून, पट्टा हलक्या हातानं घासला. आधी तो आणखीच निस्तेज दिसायला लागला आणि माझा जीव घाबरा झाला. मग रबिंग, मग मशीनवर स्पंज लावून पॉलिश. दोन तासांनी पट्टा गेला. चाचांनी तो स्पिरिटच्या फडक्यानं पुसून पुन्हा तिरकस पाहिलं, कारण पॉलिशमधलं तेल बारीक ओरखडे झाकतं आणि धुतल्यावर ते पुन्हा वर येतात. मग म्हणाले, "या जागेवर असं अजून एकदा होईल, फार तर दोनदा. त्यानंतर लॅकरच उरणार नाही. रंगच मारावा लागेल."

चिकाच्या ओघळांना मात्र त्यांनी हात लावला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "त्याला आधी भिजव. रोज भिजव. घासायचं नंतर बघू." मला ते टाळल्यासारखं वाटलं. मी पैसे दिले आणि गाडी घेऊन आलो.

मी जळगावला नोकरीला आहे, रोज अपडाउन करतो. सकाळी गाडी स्टेशनजवळच्या पार्किंगला लावायची, संध्याकाळी घ्यायची. तीन-चार महिन्यांत छतावर आणि बॉनेटवर बारीक नारिंगी ठिपके दिसायला लागले, खसखशीएवढे. ज्या बाजूनं यार्डाचा वारा येतो त्या बाजूला जास्त. मला वाटलं, पत्रा आतून सडायला लागला, गंज बाहेर फुटतोय. नानांच्या हातात तेरा वर्षं नीट राहिलेली गाडी माझ्याकडे वर्षभरात सडली, असं मनात येऊन मी धसकलो. पुन्हा चाचांकडे. त्यांनी माझा हात एका पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायला लावला आणि म्हणाले, "आता फिरव." नुसत्या हाताला जो बॉनेट गुळगुळीत लागत होता, तो पिशवीतून खरखरीत लागला, बारीक रव्यावरून हात फिरवावा तसा. पिशवीमुळे बोटांना ही खरखर इतकी कशी कळते हे अनुभवल्याशिवाय पटत नाही. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी एकदा करून बघावं.

तो गंज पत्र्याचा नव्हता, हवेतून आलेल्या लोखंडाचा होता. भुसावळ म्हणजे रेल्वे. मुंबईहून येणारी लाइन इथून नागपूरकडे आणि खंडव्याकडे फुटते, दिवसरात्र मालगाड्या येतात, थांबतात, सुटतात. चाक रुळावर घासतं, ब्रेक चाकावर घासतो, त्यातून लोखंडाचा अगदी बारीक कीस उडतो. तो गाडीवर येऊन बसतो, लॅकरमध्ये रुततो आणि दव पडलं, पाऊस झाला की जागच्या जागी गंजतो. पांढऱ्या गाडीवर तो दिसतो, काळ्या गाडीवर नुसता लागतो. म्हणजे आमच्या गावात रोज स्टेशनवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक गाडीवर हे असणार, आणि बहुतेकांना वाटत असणार की कंपनीनं पत्रा हलका वापरला.

या ठिपक्यांना घासून काहीच होत नाही. उलट तो कीस लॅकरवरून फरफटत जातो आणि ओरखडे मागे ठेवतो. त्यासाठी एक द्रव मिळतो, फवारायचा. सावलीत, पत्रा गार असताना, गाडी धुऊन घेऊन मी तो पहिल्यांदा छतावर मारला. मिनिटभर काही नाही. मग एकेका ठिपक्याभोवती जांभळा रंग उमटायला लागला आणि ओघळून खाली येऊ लागला. पांढऱ्या छतावरून जांभळाचा रस गळावा तसं ते दृश्य होतं. तो रंग म्हणजे लोखंड त्या औषधात विरघळल्याची खूण. वास मात्र कुजक्या अंड्याचा. वाळायच्या आत भरपूर पाण्यानं धुवायचं, नाहीतर तोच नवीन डाग होतो. माझी बायको बादली घेऊन उभी होती, ती म्हणाली, "एवढं लोखंड आपण रोज श्वासातही घेत असू." मला त्यावर काही बोलता आलं नाही.

जे जांभळं होऊनही गेलं नाही त्याला क्ले बार लागतो. मातीच्या गोळ्यासारखा दिसतो, कणकेसारखा मळता येतो. तळहातात मावेल एवढी चकती करायची, रंगावर शाम्पूचं पाणी भरपूर शिंपडायचं आणि त्यावरून चकती सरळ रेषेत नुसती सरकवायची. दाब द्यायचा नाही. सुरुवातीला ती अडखळते, खरखर असा बारीक आवाज येतो. आठ-दहा वेळा फिरवली की आवाज बंद होतो आणि चकती साबणाच्या वडीसारखी घसरायला लागते. तिथे थांबायचं. उलटून पाहिलं तर गोळ्यावर काळे-तांबडे कण रुतलेले दिसतात. तो भाग आत दुमडायचा, नवी बाजू काढायची. गोळा जमिनीवर पडला तर कितीही महागाचा असो, टाकून द्यायचा, कारण त्याला चिकटलेला वाळूचा एक कण अख्ख्या दारावर रेघ ओढतो. माझा एकदा पडला. अर्ध्याहून जास्त शिल्लक होता. टाकला.

त्या कामात माझे तीन रविवार गेले आणि त्याच तीन रविवारांत माझ्या हाताचा जोर कमी झाला. चाचा "भिजव" का म्हणाले ते मला तेव्हा उमगायला लागलं.

मग बोअरच्या पाण्याचे डाग. आमच्या इमारतीत गाड्या बोअरच्या पाण्यानं धुतात. उन्हात धुतलेल्या गाडीवर थेंब वाळतो, पाणी उडून जातं आणि त्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पांढऱ्या कड्यासारखे मागे राहतात. काचेवर आणि खिडकीच्या काळ्या पट्ट्यांवर ते सगळ्यात जास्त दिसतात. हे मी गावाला गेलो असताना नानांना सांगत होतो. नाना बाजेवर बसून ऐकत होते. मधेच म्हणाले, "मंग ठिबकचंच औषध आहे ते."

त्यांचं बरोबर होतं. सातपुड्याच्या पायथ्याचं यावल-रावेरचं पाणी खोल गेलेलं, बोअरही खोल, आणि त्या पाण्यातले क्षार ठिबकच्या नळीत साचून ड्रिपर बंद पाडतात. केळीला पाणी कमी पडलं की पान सांगतं, पण कुठला ड्रिपर बंद आहे ते ओळीनं वाकून बघावं लागतं. त्यासाठी नळीतून ॲसिड सोडतात, रात्रभर नळ्या बंद ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी टोकं उघडून पाणी सोडतात. टोकातून आधी गढूळ, पांढुरकं पाणी येतं, मग स्वच्छ. नानांनी हे ३० वर्षं केलं आहे. त्यांनी मला बजावलं, "पाण्यात ॲसिड टाकायचं, ॲसिडमधी पानी कधीच नाही." आणि मग गाडीचं लक्षात येऊन, "पन तिले ते नको लावू हां. तिचं कातडं नाजूक."

गाडीला लागतं ते साधं पांढरं व्हिनेगर, निम्म्याला निम्मं पाणी घालून. ते फडक्यावर घेऊन डागावर पाच मिनिटं नुसतं चिकटवून ठेवायचं, मग भरपूर पाण्यानं धुवायचं. क्षार आम्लात विरघळतात, आपण काही करायचं नसतं. नवा डाग असेल तर पहिल्याच वेळी जातो. जुन्या डागांची मात्र लॅकरमध्ये कडी उमटलेली असतात, ती पॉलिशशिवाय जात नाहीत आणि काही पॉलिशनंही जात नाहीत. ठिबकची नळी असो की गाडीची काच, क्षार साचू दिला तर काढायला जड जातो.

डांबराचं फार सांगण्यासारखं नाही. महामार्गाचं चौपदरीकरण चालू होतं तेव्हा चाकांमागच्या पत्र्यावर काळे शिंतोडे उडालेले होते. लहानपणी उन्हाळ्यात अनवाणी पायांना डांबर लागलं की आई खोबरेल चोळून ठेवायची आणि जेवण झाल्यावर पुसून काढायची. डांबर पाण्याला दाद देत नाही, तेलाला देतं. मी तेच केलं. तेलाची बोटं फिरवून अर्धा तास ठेवलं, पुसलं, दोन-तीनदा, मग शाम्पूनं तेल धुतलं. निघालं.

पक्ष्यांचं मात्र सांगायलाच हवं, कारण त्या एका डागाशी मी हरलो. आमच्या इमारतीसमोर एकच मोठा कडुनिंब आहे, त्यामुळे सगळ्या गाड्या त्याच्याखाली, आणि संध्याकाळी सगळ्या साळुंक्या त्याच्यावर. मागच्या मे महिन्यात आम्ही चार दिवस बाहेरगावी होतो. परत आलो तर बॉनेटवर एक मोठा शिंतोडा वाळून खडीसारखा झालेला. मे महिन्यात भुसावळात पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारी बॉनेटला हात टेकवत नाही. इतक्या उष्णतेत लॅकर किंचित मऊ होतं, फुगतं. रात्री गार होताना आकसतं, आणि वर वाळलेली विष्ठा असेल तर तिच्या खडबडीत अंगाशी जुळवून घेत घट्ट होतं, ओल्या सिमेंटवर पान पडावं तसं. शिवाय विष्ठेतलं आम्ल आहेच. मी ओलं फडकं अर्धा तास ठेवून, अजिबात न घासता ती उचलली. उचलली गेलीही सगळी. खाली रुपयाएवढी सुरकुतलेली जागा होती. चाचांनी नख ओढलं. अडकलं. त्यांनी मान हलवली आणि मी पुढे काही विचारलं नाही. ती जागा अजून तशीच आहे. आता आमच्या गाडीत पाण्याची बाटली आणि एक मऊ फडकं कायम असतं, कारण पहिल्या तासात जे पाण्याच्या दोन घोटांत जातं ते चार दिवसांनी कशानंच जात नाही.

दीपनगरच्या औष्णिक केंद्राची राख वाऱ्याबरोबर येते, तिचा डाग पडत नाही. पण सकाळी घाईत कोरड्या फडक्यानं ती झटकणारे लोक मी रोज पार्किंगमध्ये पाहतो आणि मला त्यांचा हात धरावासा वाटतो. ती राख म्हणजे मुख्यतः भाजून निघालेली सिलिका, काचेसारखीच बारीक पूड. कोरडं फडकं फिरवलं की उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात. आधी पाण्याची धार सोडावी, मग हात लावावा. दोघा-तिघांना मी हे सांगितलंही. एक जण आता बाटलीनं पाणी टाकतो.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझी चुलत बहीण, नानांची धाकटी लेक, तीन वर्षांनी माहेरी येणार होती. ती सुरतेला असते. खानदेशात आखाजीला लेक घरी आली नाही तर सण झाला असं कुणी मानत नाही. घागर भरली, सांजोऱ्या झाल्या, आमरस झाला, तरी झोक्यावर लेकी नाहीत म्हटल्यावर अंगण सुनं. तिला भुसावळ स्टेशनवरून घेऊन मी गावाला जाणार होतो, याच गाडीतून. ही गाडी आली तेव्हा ती बारावीत होती आणि पेढ्याचा पहिला पुडा घेऊन गल्लीभर तीच फिरली होती. त्यामुळे गाडी नीट दिसायला हवी होती. बाकी सगळं निघालं होतं किंवा निघणार नाही हे कळलं होतं. उरले होते ते चिकाचे चार ओघळ.

आखाजीच्या आधी पंधरा दिवस मी रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर एकच गोष्ट केली. कोमट पाण्यात थोडा शाम्पू, त्यात जुन्या बनियनचं फडकं भिजवून दारावर चिकटवायचं, वरून प्लॅस्टिकची पिशवी लावायची म्हणजे वाळत नाही, आणि अर्ध्या तासानं अलगद खाली ओढायचं. पहिले तीन दिवस काहीच नाही. चौथ्या दिवशी फडक्यावर चहाच्या पाण्यासारखा फिकट रंग आला. मी ते फडकं बायकोला नेऊन दाखवलं. सहाव्या दिवशी सगळ्यात जाड ओघळाच्या वरच्या टोकाचा पापुद्रा सुटला, बोटाच्या पेरानं उचलला गेला, आणि त्याखाली पांढरं दिसलं. कापडात चीक धाग्याच्या आत जातो. इथे लॅकर धड असेल तर तो वरच बसलेला असतो, कित्येक वर्षांचा असला तरी. दहाव्या दिवसापर्यंत चारही ओघळांचा थर निघाला. मागे राहिली ती सावली, विटलेल्या मेंदीसारखी. तिच्यावर मी बारीक पॉलिश हातानं लावलं, बोटाभोवती मऊ फडकं गुंडाळून, दर वेळी नख फिरवून बघत. तीन ओघळांची सावली गेली. चौथ्याची अगदी जवळून, ऊन तिरकं असताना दिसते. तिथे मी थांबलो. त्या जागेच्या अगदी कडेनं चाचांचा पेपर आधीच एकदा फिरलेला आहे.

बहीण सकाळच्या गाडीनं उतरली. तापी ओलांडून, फैजपूरवरून आम्ही निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी, आणि उन्हाची झळ अडवायला बागांच्या कडेनं लावलेल्या हिरव्या जाळ्या. ती सगळा रस्ता बोलत होती, गाडीबद्दल एक शब्द नाही. मला थोडं वाईट वाटलं. घराजवळ आल्यावर म्हणाली, "दादा, गाडी अजून तशीच वाटते रे."

नाना ओट्यावर उभे होते. त्यांना आता समोरचं, मधलं तेवढं दिसतं, तेही धूसर. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून झाल्यावर ते ओटा उतरून गाडीपाशी आले. बॉनेटवर तळहात ठेवला आणि हळूहळू चालत मागे गेले, तळहात न उचलता. केळीचा घड तयार झाला की नाही हे नाना फळाच्या कडा चाचपून सांगतात. कडा बोथट, गोल झाल्या की घड भरला. हात फिरवायची तीच पद्धत. बॉनेटवरची सुरकुतलेली जागा आली तसा हात थबकला. "पाखराचं?" मी हो म्हणालो. हात पुढे सरकला. पुढचं दार, मागचं दार. चीक होता त्या जागी त्यांनी बोटं दोनदा वर-खाली फिरवली.

"घासलं नाही ना?"

मी त्यांना घासणीचं सांगितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. बहीण शेजारी उभी होती. नाना ऐकत राहिले, बोटं दारावरच होती. मग त्यांनी हात आणखी खाली नेला, दाराच्या खालच्या कडेला, जिथे मी कधी वाकून पाहिलंच नव्हतं, आणि तिथे थांबले.

"अठी हाये अजून."

मी गुडघ्यावर बसून पाहिलं. कडेच्या आतल्या बाजूला, खाली टपकायच्या आधी साचलेला चिकाचा एक काळा मणी होता.

नानांनी घरात हाक मारून कोमट पाणी मागवलं. बहिणीनं तांब्या आणला, आईनं एक जुनं फडकं फाडून दिलं. मी ते भिजवून मण्यावर लावलं आणि पिशवीच्या तुकड्यानं झाकलं. नाना ओट्यावर बसले, मला बाजूला बसायची खूण केली. आत सांजोऱ्या तळल्या जात होत्या. बहीण गल्लीतल्या झोक्याकडे निघून गेली होती आणि तिकडून गाणी ऐकू येत होती. थोड्या वेळानं मी उठायला लागलो, तसं नानांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"भिजू दे त्याले."